खानवेलचा उतार

गेल्या मे महिन्यात खानवेलजवळचा एक उतार पोकलेनने आठ दिवसांत सपाट केला. मोह, ऐन, दगड, सगळं एका कडेला ढकललं. २ ऑगस्टला, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाचं झेंडावंदन झाल्यावर मी तिकडे गेलो. खालच्या तीन खाचरांतली नुकती लावलेली भातरोपं वरून आलेल्या मुरमाखाली गाडली गेली होती. तेव्हापासून मन ऐंशीच्या दशकातल्या माझ्या लहानपणातच घुटमळतंय.

पोर्तुगिजांचे अलवारे, म्हणजे जमिनीचे पट्टे, १९५४ची मुक्ती, १९६१चं विलीनीकरण हे आम्ही शाळेत पाठ केलं. मला त्यात कधी रस वाटला नाही. जमीन सुधारणेचा कायदा १९७१चा. त्यानंतर आमच्या शेजारच्या, कोकणा जमातीच्या काकांना जमीन मिळाली. दोन एकर, आणि त्यात दगडच जास्त.

ती जमीन त्यांनी कशी केली, हे मी लहानपणी सलग चार उन्हाळे पाहिलं. आधी पावसात नुसतं फिरून पाणी कुठून धावतं ते पाहून ठेवायचं. मग उन्हाळ्यात पहार, घण आणि घमेलं. मोठा धोंडा हलेना तर त्यावर लाकडं पेटवायची, तापला की गार पाणी ओतायचं. तडा गेला की पहारीने उकलायचा. तरीही बधला नाही तर तो तिथेच राहायचा आणि बांध त्याला टेकायचा. तळाला थोर दगड, फटींत चिपा, भिंत डोंगराकडे किंचित कललेली. चुना नाही, सिमेंट नाही, म्हणून पाणी झिरपून जायचं आणि माती अडायची. एका बाजूला सांडवा. जमीन सपाट करायचं काम काकांनी पावसावर सोपवलं होतं. दर पावसाळ्यात बांधामागे वीतभर गाळ बसायचा. चौथ्या वर्षी चिखलात बैलांमागे फळी फिरवली आणि खाचर तयार झालं. मोहाच्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नाही.

त्याच काळात एक साहेब आले. नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी सरळ रेषेत मातीचे बांध घालून घेतले. उतार वळतो, तिथे बांधानेही वळायला हवं, असं काकांनी दोनदा सांगितलं. साहेबांनी ऐकलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बांध फुटले आणि कागदोपत्री दोष शेतकऱ्यांच्या निष्काळजीपणाचा ठरला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गुजरातमधल्या वांसद्यात मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेने १९८२मध्ये वाडीचा प्रयोग सुरू केला, तो मला म्हणूनच जवळचा वाटतो. उतारावर आंबा-काजूसाठी फक्त खड्डे खणायचे, पाण्याला समतल चर द्यायचे, कडेने जंगली झाडं लावायची. सगळी जमीन सपाट करायलाच हवी असं कुठे आहे?

पुढे करसवलतींमुळे सिल्वासाभोवती कारखाने आले आणि पोरं पाळीवर जाऊ लागली. घण मारायला घरात माणूस उरला नाही, तेव्हा यंत्र बोलावणाऱ्याला मी दोष देत नाही. पण चालकाला तासाचे पैसे मिळतात. वरची सुपीक माती आधी बाजूला काढून ठेवावी आणि शेवटी परत पसरावी, एवढंही त्याला कुणी सांगत नाही.

काका आता नाहीत. परतताना त्यांच्या खाचराकडे वळलो. बांधाचे दगड ब्रासच्या भावाने विकले गेलेत, जवळच्याच एका कंपाउंडच्या भिंतीसाठी. तळाचा धोंडा तेवढा जागेवर होता, आगीने काळवंडलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गढूळ पाणी खाली चाललं होतं.