ईची जीभ, ऊचे ओठ
आरशासमोर लांबलचक ‘ई’ म्हणा. जीभ पुढे, टाळूजवळ उचललेली राहील. आता ती जराही न हलवता फक्त ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा. निघेल तो स्वर जर्मनमध्ये ‘यू’ अक्षरावर दोन टिंबं देऊन लिहितात. फ्रेंच, तुर्की, फिनिश, चिनी भाषांतही तो आहे; मराठीत नाही, म्हणून आपण ‘यू’वर वेळ मारून नेतो. फ्रेंचमध्ये ते चालत नाही: ‘र’ला हा स्वर जोडला तर रस्ता, साधा ‘ऊ’ जोडला तर चाक! तुर्कीत तर तो प्रत्ययांतही शिरतो. शब्दातला शेवटचा स्वर असा जीभ पुढे, ओठ गोल करून म्हणायचा असला, की ‘लिक’ प्रत्ययातल्या ‘इ’चेही ओठ गोल होतात. ही स्वरांची संगत मला फार देखणी वाटते.