विहिरीचा पंप आणि घरचा दिवा

राजस्थानात गावापासून दूर, शेतातच घर बांधून राहणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीस ढाणी म्हणतात. जेथे विजेच्या तारा पोहोचलेल्या नाहीत अशा एखाद्या ढाणीत विहिरीवर सौर पंप बसला, म्हणजे शेताला पाणी मिळू लागते. परंतु सूर्य मावळताच घरात पुन्हा अंधार होतो. मग प्रश्न उद्भवतो, की पंप चालविणाऱ्या पॅनेलांवरच घरची बॅटरी भरता येणार नाही काय? आणि भरल्यास पिकाचे पाणी तर तुटणार नाही ना?

थोडा हिशेब केला, तर याचे उत्तर मिळते. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. समजा, पॅनेले १२०० वॉटची असून विहिरीतील पाणी ३० मीटर खोल आहे. हजार लिटर पाणी तेवढे वर उचलण्यास, पंप व मोटर यांतील घट धरून, सुमारे ०.२ युनिट लागते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी अशा पॅनेलांपासून सुमारे साडेचार युनिटे मिळतात; म्हणजे सारी वीज पंपास दिल्यास सुमारे २२,००० लिटर पाणी निघेल.

आता घराची गरज पाहू. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास, तीस वॉटचा एक पंखा आठ तास आणि मोबाइल व रेडिओ मिळून रात्रीस सुमारे अर्धे युनिट लागते. बॅटरी भरताना होणारी घट मिळविली, तरी हा खर्च पाऊण युनिटाच्या आतच राहतो. पाण्याच्या मापाने सांगावयाचे, तर रात्रीच्या उजेडाची किंमत सुमारे ३,००० लिटर पाणी एवढी होय.

ही किंमतही पुष्कळशी वाचविता येते. पंपाची मोटर मंद उन्हात फिरली, तरी पाणी विहिरीच्या तोंडापर्यंत चढत नाही. त्यासाठी काही किमान शक्ती लागतेच. बॅटरी मात्र थोडा विद्युत्प्रवाहही स्वीकारते. म्हणून सकाळचे व सायंकाळचे कोवळे ऊन बॅटरीस आणि मध्यान्हीचे प्रखर ऊन पंपास, अशी वाटणी सोयीची ठरते. आकाश अभ्राच्छादित असेल, त्या दिवशी मात्र बॅटरीस अग्रमान द्यावा; कारण शिसे-आम्ल जातीची बॅटरी वारंवार अर्धवट भरलेली राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण थर जमतात आणि ती अकाली निकामी होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पंपाच्या पॅनेलांचा विद्युत्दाब बॅटरीच्या दाबाहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून ती बॅटरीस सरळ जोडू नयेत. मध्ये योग्य भारनियंत्रक हवा. शिवाय पंपाचा व बॅटरीचा असे दोन नियंत्रक एकाच पॅनेलमालेस एकाच वेळी जोडले, तर प्रत्येक जण अधिकतम शक्तीचा बिंदू शोधू लागतो व दोघांच्या ओढाताणीत वीज वाया जाते. यास्तव एकावेळी एकच जोडणी ठेवणारा, एकदिश प्रवाहासाठीच बनविलेला बदलस्विच वापरावा, किंवा दोन्ही कामे सांभाळणारा एकच नियंत्रक घ्यावा.

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेत, विजेचे जाळे नसलेल्या भागांतील ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या सौर पंपांसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. पंपास काम नसेल तेव्हा त्याच विजेवर पिठाची गिरणी वा कडबा कापण्याचे यंत्र चालावे, बॅटरी भरावी, अशा बहुकामी नियंत्रकास त्या योजनेत स्थान मिळाले आहे.

उंचावरील टाकीत भरलेले पाणी हाही सूर्यशक्तीचा साठाच होय. टाकी भरलेली असेल, तर पंपास एक दिवस थांबता येते. दिव्यास मात्र रात्र झाल्यावर थांबता येत नाही. वाटणी करताना हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे शेत व घर या दोहोंची गरज एकाच सूर्यप्रकाशात भागते.