दोन गाड्यांमधला वेळ

धार शहर पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेविना राहिलं. इंदूर–दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली आणि काम वर्षानुवर्षं लांबत गेलं. त्यामुळे धारच्या माणसाचा रेल्वेप्रवास बसनेच सुरू होत आला: आधी इंदूर गाठायचं, मग गाडी धरायची. आमच्या देवासला स्टेशन आहे, पण ते इंदूर–उज्जैन मार्गावर. लांबच्या प्रवासात बऱ्याचदा उज्जैन, नागदा किंवा रतलामला उतरावं लागतं. गाडी बदलणं, फलाटावर ताटकळणं, हुकली तर पुढची कोणती याचा हिशेब मनात ठेवणं, हे माळव्यातल्या मराठी घरांत लहानपणापासून अंगवळणी पडतं. युरोपातल्या रेल्वेप्रवासाचा आराखडा करायलाही नेमकं हेच ज्ञान लागतं.

ओळखीतली कुटुंबं अशा आराखड्यासाठी माझ्याकडे येतात. यंदा धारचं एक निवृत्त शिक्षक दांपत्य आलं. मुलगी व्हिएन्नाला असते, तिच्याकडे जायचं. पण काकूंना आधी लंडनला जायचं होतं. धारमध्ये सापडलेली आणि धारकर जिला वाग्देवी म्हणून ओळखतात ती परमारकालीन मूर्ती तिथे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पायथ्याच्या लेखात संवत १०९१, म्हणजे इसवी सन १०३४ ची नोंद आहे. ती पाहायची, आणि लंडन ते व्हिएन्ना विमानाने नव्हे, रेल्वेने जायचं. मी शहरांची यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, “दोघांत सावकाश कोण चालतं? बॅगा कोण उचलणार?” काका म्हणाले, “गुडघे माझे, बॅगा हिच्या.” पुढचं सगळं या उत्तरावर बेतलं.

पहिली पायरी व्हिसाची. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया मात्र एकाच शेंगेन व्हिसात येतात. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे करायचा. म्हणून कुठे किती रात्री, हे गाड्यांच्या आधी ठरवावं लागतं. इथे ऑस्ट्रियाच ठरला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हाती व्हिसा येईपर्यंत परत न होणारं एकही तिकीट घ्यायचं नाही, हा माझा नियम. स्वस्त तिकिटाचा मोह इथेच सर्वांत मोठा असतो.

दुसरी पायरी तारखांची. युरोपचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं, त्यामुळे नाताळच्या प्रवासाचं वेळापत्रक उन्हाळ्यात गृहीत धरायचं नसतं. यांना मे महिना हवा होता. मे सुखद, पण सुट्ट्यांचा. ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्त-स्वर्गारोहणाच्या गुरुवारी फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया तिन्हीकडे सुट्टी असते आणि लोक शुक्रवार जोडून बाहेर पडतात. तो आठवडा मी ओलांडला. आपल्याकडे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. तिकडे अनेक गाड्यांचं कित्येक महिने आधी. आणि तिकडे आपल्यासारखी वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. आरक्षण सक्तीचं असलेल्या गाडीत जागा संपली की संपली.

मग एकेक टप्पा. लंडनच्या सेंट पँक्रसहून पॅरिसची युरोस्टार सव्वादोन तासांत पोचते. १९९४ मध्ये खुला झालेला, पन्नास किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा ती ओलांडते. पण ब्रिटनमधून निघण्याची आणि फ्रान्समध्ये शिरण्याची, दोन्ही पासपोर्ट तपासण्या सेंट पँक्रसलाच होतात, सामानही तपासलं जातं, आणि गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो. म्हणून कागदावर मी गाडीची वेळ बारीक अक्षरात आणि स्टेशनवर पोचायची वेळ ठळक लिहिली.

खरी मेख पॅरिसमध्ये आहे. युरोस्टार गार द्यू नॉर्ला येते, झुरिचची गाडी गार द लिऑनहून सुटते. काकू लगेच म्हणाल्या, “म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि पुढची गाडी सीएसएमटीहून धरायची!” अगदी तसंच. मध्ये आरईआर डी ही उपनगरी गाडी आहे, दुसऱ्याच थांब्यावर गार द लिऑन. नकाशावर हे काही मिनिटांचं अंतर दिसतं. पण काकांचे गुडघे, जिने आणि सामान नकाशात नसतात.

इथे तिकिटांचा कायदाही पाहावा लागतो. जून २०२३ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमांनुसार सलग प्रवासाचं एकत्रित तिकीट असेल, तर जोडगाडी हुकल्यावर पुढे नेण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. मुक्कामी पोचायला तासभर उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांवर निम्मं भाडं भरपाई मिळते. दोन स्वतंत्र तिकिटं घेतली, तर पहिल्या गाडीच्या उशिराशी दुसऱ्या गाडीचा कायद्याने काही संबंध राहत नाही. लंडन–पॅरिस आणि पॅरिस–झुरिच ही आमची तिकिटं स्वतंत्र होती. म्हणून मी अनुभवातून एक पद्धत पक्की केली आहे: तिकिटाचं संरक्षण जिथे तुटतं तिथे रात्र ठेवायची. पॅरिसमध्ये दोन रात्री, हॉटेल गार द लिऑनजवळ. म्हणजे स्टेशन बदलण्याचं काम प्रवासाच्या दिवशी उरतच नाही.

पॅरिसहून झुरिचला टीजीव्ही लिरिआ चार तासांत नेते; तिला आसन सक्तीचं. स्वित्झर्लंडची शिस्त मला फार आवडते. तिथे १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात: दर तासाला त्याच मिनिटाला. मोठ्या जंक्शनवर गाड्या तासाच्या थोड्या आधी येतात आणि थोड्या नंतर सुटतात, म्हणजे सगळ्यांना सगळ्या गाड्या मिळतात. दहा मिनिटांत गाडी बदलणं तिथे धाडस ठरत नाही. झुरिचला फलाटाचा आकडाही बोलतो: ३ ते १८ जमिनीवर, एकतीसपासून पुढचे जमिनीखाली. तरी परदेशातून येणाऱ्या गाडीचा उशीर सोबत येतो, म्हणून तिथेही एक रात्र.

झुरिच ते व्हिएन्ना दोन मार्ग होते. म्युनिकमार्गे गेलं तर गाडी बदलावी लागते, आणि जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या. तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर वेळेवर धरतात. दुसरा मार्ग थेट रेलजेटचा, १८८४ च्या आर्लबर्ग बोगद्यातून, इन्सब्रुक आणि साल्झबुर्गवरून, जवळपास आठ तास. रात्रीची नाइटजेटही होती, पण काकूंना डोंगर पाहायचे होते. दिवसाची रेलजेट निवडली. या गाडीत तिकीट आणि आसन वेगळं असतं. आसन न घेताही चढता येतं, हे काकांना पटायला वेळ लागला. आम्ही आसनं घेतली, निघताना डाव्या हाताची, कारण झुरिचचं सरोवर आणि पुढचं वालेनसे डावीकडे आहेत. बुक्स स्टेशनवर गाडी उलट दिशेने निघते. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून उठतो, म्हणून तेही लिहिलं.

युरेल पासचा हिशेब झटकन आटोपला. १९५९ मध्ये युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी सुरू झालेला हा पास आज तेहतीस देशांत चालतो. रोज फिरणाऱ्याला तो फायद्याचा ठरतो. तीनच मोठ्या गाड्या, त्यातल्या दोन गाड्यांचं आरक्षण पासवरही वेगळं घ्यावं लागणार, तर वेळेत घेतलेली साधी तिकिटं बरी.

थॉमस कुकचं युरोपीय वेळापत्रक १८७३ पासून २०१३ पर्यंत निघत होतं. त्याच्या जुन्या अंकांवरून मी गाड्या वाचायला शिकलो. उभ्या रकान्यात गाडी वरून खाली धावते, आणि खालच्या तळटीपा सांगतात की ती रविवारी धावते की नाही. आता सगळं मोबाइलवर दिसतं, पण मोबाइल फक्त मिळणारी गाडी दाखवतो. म्हणून माझ्या कागदावर प्रत्येक गाडीशेजारी एक जादा रकाना असतो: ‘हुकली तर’. त्यात पुढची गाडी, तिकीट चालेल का, चालणार नसेल तर कोणत्या खिडकीवर जायचं, आणि फोन कुणाला करायचा.

शेवटी मी काकूंना तो कागद मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः गप्प बसलो. प्रवासात मी नसणार. कागदाला माझ्याशिवाय उभं राहता आलं पाहिजे. त्या दोन ठिकाणी अडखळल्या. सेंट पँक्रसला कोणत्या दारातून आत जायचं, आणि बुक्सला गाडी थांबल्यावर सामान हलवायचं का. दोन्ही उत्तरं लिहून होईपर्यंत काकांनी ‘हुकली तर’चा रकाना पुन्हा वाचला आणि म्हणाले, “आता हुकली तरी चालेल.” म्हाताऱ्या माणसाला परक्या देशात त्याच्याच भरवशावर पाठवताना मला त्याच्या तोंडून हेच वाक्य हवं असतं. ते आलं की मगच मी तिकिटांच्या पैशांना हात लावू देतो.