मोडकळीस आलेला वाडा आणि महानगरपालिका

मृगाच्या सरी येण्याच्या सुमारास जुन्या नाशकांतील गल्ल्यांतून हिंडलें तर कित्येक वाड्यांच्या दारांवर एक कागद डकविलेला दिसतो. इमारत धोकादायक आहे, ती ताबडतोब रिकामी करावी, एवढाच त्याचा आशय. ज्या वाड्यांत माझा जन्म झाला त्याच्या दारावर हा कागद ओळीनें तीन पावसाळे लागला. आम्ही तो वाचीत असूं आणि आंत जाऊन चहा घेत असूं. त्या कागदामागें कायदा काय आहे, तें आज सांगावयाचें आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालीं स्थापन झाली. १९०१ च्या खानेसुमारींत गांवची वस्ती एकवीस हजारांच्या घरांत होती. १९८२ सालीं नाशिकरोड-देवळाली, सातपूर व भोंवतालचीं खेडीं मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ सालीं हीच संख्या १४ लक्ष ८६ हजारांवर गेली. शहर वाढलें तें बाहेरच्या बाजूस. मधले वाडे होते तेथेंच म्हातारे झाले.

महानगरपालिकेचा कारभार १९४९ च्या अधिनियमान्वयें चालतो. त्यांत कर्तव्यांच्या दोन याद्या आहेत. पाणी, गटारें, झाडलोट, दिवाबत्ती, लस टोचणें हीं अवश्य कर्तव्यें. ग्रंथालय, पदार्थसंग्रहालय इत्यादि ऐच्छिक. शाळेच्या वेळापत्रकांत गणित आणि गायन यांमध्यें जो भेद असतो तोच हा! धोक्याची इमारत सुरक्षित करणें किंवा काढून टाकणें हें अवश्य यादींत पडतें. कलम २६४ प्रमाणें आयुक्त मालकास व राहणारास, दोघांनाही हुकूम करूं शकतात. २०१५ पासून अशा इमारतींचे चार वर्ग पाडले आहेत. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडावयाची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. सी-२बी ची दुरुस्ती माणसें आंत असतांनाच होते. सी-३ ची किरकोळ असते. तेव्हां कागद हातीं पडतांच प्रथम वर्ग कोणता तें पाहावें.

वाडे या थरास कां आले? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या दराशीं बांधून टाकलें. त्या काळीं तें न्याय्यच होतें. परंतु पुढें महिन्याच्या भाड्यांत कौलांची एक ओळही शाकारून होईना. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींत पाणी मुरत राहिलें. यांत एकालाच दोषी ठरविणें मला जमत नाहीं. शिवाय ओसाड वाडा म्हणजे उंदीर, डांस व केरकचऱ्याचें आगर. घरोघरचा केर नेणारी घंटागाडी हें नाशिकचें भूषण खरें. पण ती अरुंद बोळांत शिरत नाहीं, आणि ज्या घराला मालकच उरला नाहीं त्याचा केर तिच्यापर्यंत आणून देणार कोण?

खरा पेंच पुढेंच आहे. घर पाडण्याचें कर्तव्य स्पष्ट आहे. घरांतल्या माणसांनीं जावें कोठें, याचें उत्तर तितकें स्पष्ट नाहीं. गोदाकांठच्या काझीच्या गढीवरील कुटुंबांना पावसाळा आला कीं हलण्याच्या सूचना मिळतात. पाऊस सरला कीं तींच कुटुंबें पुन्हां त्याच कड्यावर परततात. यास मी हट्ट म्हणणार नाहीं. चार महिन्यांची सोय म्हणजे घर नव्हे.

वाड्यांतील भाडेकरूंना निराळें भय असतें: एकदां बाहेर पडलों कीं हक्क गेला. येथें एक गोष्ट आवर्जून सांगतों. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतल्याच एका प्रकरणांत निर्णय दिला कीं, नगरसंस्थेनें इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाहीं; जमीन शिल्लक असते, तसा हक्कही शिल्लक असतो. मात्र हक्क शाबित करावयास पुरावा लागतो. म्हणून जागा सोडण्यापूर्वीं अधिकाऱ्यांकडून आपल्या ताब्यांतील जागेचें मोजमाप लेखी करून घ्यावें. भाड्याच्या पावत्या आणि विजेचीं बिलें पत्र्याच्या पेटींत जपावीं व पेटी सर्वांआधीं बाहेर काढावी.

आम्हांस हें तिसऱ्या वर्षीं उमगलें. मोजणी झाली, कागद मिळाला, आणि जेष्ठ संपतां संपतां आम्ही बाहेर पडलों. त्याच आषाढांत मागची पडवी बसली. तेथें आईचें जातें होतें; मातीचा ढीग उपसावयाचा अजून राहिला आहे.