भर पावसात गडावरचा मुक्काम

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे वेळणेश्वर-हेदवीच्या पट्ट्यात, जुलैतल्या रात्री पारा साधारण 24-25 अंशांवर असतो. तिथून शृंगारतळी, चिपळूण आणि खेडमार्गे पूर्वेला गेले की सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर पसरलेले रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड लागतात. रसाळगड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, तर महिपतगड साडेनऊशेच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान पाच-सहा अंशांनी उतरते हे धरले, तर महिपतगडावरची पावसाळी रात्र 19-20 अंशांची भरते. एवढ्या तापमानात घरी कोणी गोधडीही शोधत नाही. तरीही गडावर मुक्कामाला गेलेल्या गटातला एखादा मध्यरात्री दातावर दात आपटत बसलेला असतो. याचे कारण अंगावरचे पाणी आणि त्यावरून वाहणारा वारा. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून नेते, आणि ओल्या कपड्यांवर वारा लागला की बाष्पीभवन उरलेली ऊब खेचून घेते. पावसाळी मुक्कामाची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

लावणी आटोपली आहे आणि नारळी पौर्णिमा अजून आलेली नाही, अशा मधल्या दिवसांत किनाऱ्यावरच्या तरुणांना थोडी सवड असते. गडाचे बेत बहुधा तेव्हाच ठरतात. पाऊसही तेव्हाच भरात असतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्याच्या अलीकडे रिकामे होतात. त्यामुळे वेळणेश्वरला रिपरिप असली म्हणून खेडच्या डोंगरातही रिपरिपच असेल असे नाही. निघण्याआधी हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहावा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे मुसळधार, 115.6 च्या वर अतिमुसळधार आणि 204.4 ओलांडला की अत्यंत मुसळधार, असे विभागाचे मोजमाप आहे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करण्यात कमीपणा नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे गावावर दरड कोसळून माणसे गाडली गेली. या डोंगरांतली भिजलेली माती काय करू शकते, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको.

सॅक भरण्याची एक पद्धत आहे आणि ती पाळली नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ जाते. सॅकवर वरून घालायचे आवरण पाठीच्या बाजूने गळते. म्हणून आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी बसवावी, तिच्यात सगळे सामान भरावे आणि तोंड पिळून घट्ट बांधावे. रात्री घालायचा कोरडा जोड या पिशवीतही आणखी एका पिशवीत ठेवावा: लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा बनियन, पायजमा, मोजे, कानटोपी. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच राहू द्यावेत. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि भिजल्यावर त्यात ऊब अशी उरत नाही. लोकर मात्र ओली झाली तरी काही ऊब राखते. धनगरांची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या पावसात टिकली ती उगाच नव्हे. जुन्या इरल्याचीही रचना शहाणपणाची होती: पाठ झाकलेली, पुढून हवा खेळती. आजच्या स्वस्त रेनकोटमध्ये नेमके उलटे होते. बाहेरचे पाणी अडते, पण चढाला सुटलेला घाम आतच कोंडतो आणि माणूस आतून भिजतो. चढताना भिजायचेच आहे हे मान्य करावे. कोरडे राहण्याचा हट्ट फक्त मुक्कामाच्या कपड्यांपुरता धरावा.

रसाळगडाची चढण छोटी आहे. पायथ्याच्या वाडीपर्यंत गाडी जाते आणि तिथून तासाभराच्या आत माणूस दरवाज्यात पोहोचतो. म्हणूनच पहिल्या पावसाळी मुक्कामासाठी तो योग्य. महिपतगडाची चढण लांब आणि दमवणारी आहे. दोन्हीकडे पायऱ्यांवर आणि कातळावर शेवाळ धरलेले असते. काळ्या ओल्या दगडापेक्षा गवताच्या कडेने पाय टाकलेला बरा, पण गवतात जळवा असतात. जळू ओढून काढू नये. तिच्या तोंडाशी नख सरकवून सोडवावी, किंवा चिमूटभर मीठ टाकले की ती आपणहून गळते. जखम बराच वेळ वाहते, कारण जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. त्याने घाबरायचे कारण नाही. घाबरायचे ते फुरशाला, जे या जिल्ह्यात दगडाखाली सहज सापडते. दगड उचलायचा झाल्यास आधी काठीने हलवावा. वाटेतला ओढा गुडघ्यावर आणि वेगात असेल तर तो ओलांडू नये. कोकणातले ओढे आखूड धावेचे असतात. सर थांबली की दोन-तीन तासांत पाणी उतरते, तेवढे थांबता येते.

मुक्काम तंबूत करावा की छपराखाली, हा प्रश्न पावसाळ्यात फारसा खुला नाही. रसाळगडावर झोलाईदेवीचे मंदिर आहे, महिपतगडावर पारेश्वराचे. दोन्ही ठिकाणी भटके मुक्काम करत आले आहेत. गावात विचारून, चपला बाहेर काढून, देवळाची शिस्त पाळून तिथे राहणे हेच शहाणपणाचे. जाहिरातीतला कड्याच्या टोकावरचा तंबू दिसायला छान, पण जुलैत तो उडतो किंवा तुंबतो. तंबू लावावाच लागला तर तो माचीच्या कडेला किंवा ओढ्याच्या पात्राजवळ नको, एकट्या झाडाखालीही नको. पाठीमागे बुरुजाचा किंवा उंचवट्याचा आडोसा घ्यावा आणि दार पूर्वेकडे ठेवावे, कारण पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो. वेळणेश्वरच्या आसपासच्या जांभ्याच्या सड्यावर ज्यांनी कधी तंबू उभारून पाहिला असेल त्यांना ठाऊक असते की तिथे खुंटी शिरतच नाही. दोऱ्या दगडांना गुंडाळूनच ताणाव्या लागतात. गडावरच्या कातळावरही हीच युक्ती चालते. पूर्वी तंबूभोवती चर खणत. गडावर ते करू नये, त्याऐवजी जागाच उताराची निवडावी. तंबू हवाबंद ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. चार जणांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटेपर्यंत आतच पाऊस पडू लागतो. झरोके उघडे ठेवावेत.

पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास महत्त्वाचा. चालताना अंग गरम असते, थांबताच ते झपाट्याने निवते. फोटो, तोफा, टाकी हे सगळे नंतर. आधी ओले कपडे उतरवावे, अंग पुसावे आणि कोरडा जोड चढवावा. जमिनीचा गारवा वरून येणाऱ्या थंडीपेक्षा जास्त त्रास देतो, म्हणून ताडपत्री, तिच्यावर फोमची मॅट आणि मगच झोपायची पिशवी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा जोड परत पिशवीत जातो आणि कालचे गार, ओले कपडे पुन्हा अंगावर चढवावे लागतात. मुक्कामातला हा सर्वांत नकोसा क्षण, आणि टाळाटाळही इथेच होते. पण दुसरा मुक्काम असेल तर याला पर्याय नाही.

स्वयंपाक साधाच ठेवावा. ओली लाकडे पेटवण्यात संध्याकाळ जाते, धूर मात्र भरपूर मिळतो. लहान गॅसची शेगडी आणि कुळथाचे पीठ सोबत असले की लसूण-मिरचीची फोडणी देऊन पंधरा मिनिटांत पिठी-भात होतो. टाक्यातले पाणी उकळूनच प्यावे. शेगडी बंद तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो कळत नाही.

गटातल्या प्रत्येकाने शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचे असते. शरीराचे आतले तापमान 35 अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. आधी जोरात थरथर, मग बोलणे अडखळते, साधी गाठही मारता येत नाही. अशा वेळी तो मित्र स्वतः ‘काही नाही, ठीक आहे’ असेच म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. थरथर थांबून सुस्ती आली तर ते बरे वाटण्याचे नव्हे, बिघडण्याचे लक्षण. ओले कपडे काढून त्याला कोरडे करावे, दोघांच्या मध्ये झोपवावे आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा पाजावा. दारू मुळीच देऊ नये. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. सुधारणा दिसली नाही तर 108 किंवा 112 ला फोन लावावा. फोनची रेंज गडावर कुठे मिळते हे उजेडातच पाहून ठेवावे.

या तिघांतला सुमारगड पावसाळी बेतातून वगळावा. त्याची वाट दाट रानातून जाते, धुक्यात सहज चुकते आणि शेवटचा कातळटप्पा ओला असताना चढण्याजोगा राहत नाही. तो दिवाळीनंतर, वाटाड्या घेऊन करावा.