पंख गळालेली मुंगी : राणी-मुंगीची ओळख आणि जपणूक

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला, की संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या कीटकांची गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पंखांचा सडा पडलेला दिसतो. त्याच वेळी भिंतीच्या कडेने एखादी जाडजूड, बिनपंखांची मुंगी फट शोधत एकटीच चाललेली आढळते. मुंगी म्हटली की आपल्याला रांग आठवते. म्हणूनच हे एकटेपण लक्षात घेण्याजोगे आहे. ती बहुधा नव्याने मीलन झालेली राणी असते. ती राणीच आहे हे कसे ओळखावे, आणि निरीक्षणासाठी तिला काही काळ जवळ ठेवायचे असल्यास कशी जपावी, ह्याचे विवेचन येथे योजिले आहे. साहित्याच्या अभ्यासकालाही हा विषय अगदीच परका नाही. मुंगी, तिचे पंख आणि वारूळ ही आपल्या वाङ्मयातील जुनी रूपके आहेत, आणि त्यांचा अर्थ लावताना मूळ प्राणी ठाऊक असलेला बरा.

पहिला भेद मुंगी आणि वाळवी ह्यांचा. दोघींची पंखवाली पिढी पावसाच्या सुमारास उडते, त्यामुळे एकीचे पंख दुसरीच्या नावावर सहज जमा होतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, शृंगिका म्हणजे डोक्यावरील मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या, आणि कंबर नाहीच म्हटले तरी चालेल. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब, शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या, आणि वक्ष व उदर ह्यांच्यामध्ये देठासारखी बारीक कंबर. इंग्रजीत वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची रीत पडल्याने आणि ‘वल्मीक’ ह्या शब्दासाठी ‘मुंग्यांची टेकडी’ असा प्रतिशब्द रूढ झाल्याने भाषांतरांत हा घोटाळा पक्का झाला आहे. वाल्मीकींच्या कथेतील वारूळ हे आपल्याकडे वाळवीच उभारते, आणि वाळवी ही मुंगीची नव्हे, तर झुरळाची जवळची नातलग आहे. शिवाय वाळवीच्या घरात राणीबरोबर राजाही आयुष्यभर नांदतो. मुंग्यांच्या घरात राजा नसतो.

मुंगीच आहे अशी खात्री झाल्यावर दुसरा प्रश्न : ती राणी की मोठी कामकरी? केवळ आकारावर विसंबू नये. आपल्या घराभोवती दिसणाऱ्या काळ्या मुंगळ्यांमध्ये काही कामकरी डोक्याने इतक्या थोराड असतात, की नवखा निरीक्षक त्यांनाच राणी समजतो. खरी खूण वक्षावर असते. कामकरी मुंगीचा वक्ष अरुंद असतो. राणीला एकदा का होईना उडायचे असल्याने तिचा वक्ष उड्डाणाच्या स्नायूंनी फुगीर झालेला असतो. वरून पाहिल्यास त्यावर वेगवेगळ्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, आणि पंख गळाले असल्यास दोन्ही बाजूंना त्यांचे व्रण राहतात. डोक्यावर तीन साधे नेत्र असतात आणि उदरही मोठे असते. पंखवाली पण किरकोळ बांध्याची, लहान डोक्याची मुंगी दिसली, तर तो नर समजावा. पंख गळणे ही मीलनाची चांगली खूण होय, परंतु तो पुरावा नव्हे; कधीकधी मीलन न होताही राणी पंख टाकते.

‘मुंगीला पंख फुटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा विनाशकाळ जवळ आल्याचे सुचवतो. नरांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. उड्डाणानंतर ते लवकरच मरतात. बहुसंख्य राण्याही पक्षी, पाली, बेडूक ह्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. उरलेल्या थोड्या मात्र स्वतःच पंख उतरवून जमिनीत शिरतात, आणि तेथून त्यांचे खरे आयुष्य सुरू होते. त्या एका उड्डाणात मिळालेले शुक्राणू राणी उदरातील पिशवीत जन्मभर जपते. फलित अंड्यांपासून माद्या होतात, अफलित अंड्यांपासून नर. म्हणून मीलन न झालेल्या राणीने अंडी घातली, तरी तिला कामकरी मुंग्या कधीच लाभत नाहीत.

मुंगळ्याची राणी स्वतःला कोंडून घेते व पहिली संतती वाढेपर्यंत काहीही खात नाही. निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू शरीरातच विरघळतात आणि त्यांवर व साठवलेल्या मेदावर ती स्वतः जगते, अळ्यांनाही जगवते. पंखांचे बळ असे पुढच्या पिढीचे अन्न होते. तिच्या जपणुकीचे सारे नियम ह्या एका गोष्टीतून निघतात.

एक स्वच्छ परीक्षानळी घ्यावी. तिचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्याने भरून त्यावर कापसाचा बोळा असा घट्ट बसवावा, की तो ओला राहील पण पाणी पलीकडे झिरपणार नाही. उरलेल्या जागेत राणीला सोडून तोंडाशी कोरडा बोळा लावावा; त्यातून हवा जाते. नळी आडवी ठेवून काळ्या कागदाने झाकावी, आणि उन्हापासून व हादऱ्यांपासून दूर, घरातील साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या जागी ठेवावी. अन्न घालू नये. आठवड्यातून एकदाच, तेही क्षणभर, पाहावे. वारंवार उजेड दाखवला, तर घाबरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. उबदार हवेत साधारण महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. अर्धपोटी वाढल्याने त्या अगदी लहान असतात. त्यानंतर मधाचा वा साखरेच्या पाण्याचा बारीकसा थेंब आणि कीटकनाशक न लागलेल्या एखाद्या माशीचा तुकडा द्यावा. उरलेले अन्न बुरशी येण्यापूर्वी काढावे.

हा नियम सर्व जातींना लागू नाही. दक्षिण भारतातील उडी मारणाऱ्या हार्पेग्नेथॉस मुंगीची राणी घरटे मांडतानाही शिकारीला बाहेर पडते. तिला उपाशी कोंडणे म्हणजे मारणे होय. आपल्याकडीलच डायाकॅमा ह्या मुंग्यांमध्ये तर वेगळी राणी नसतेच. मीलन झालेली एक कामकरीच अंडी घालते. ‘राणी’ हे मानवी राज्यव्यवस्थेतून आलेले रूपक किती तोकडे आहे, हे येथे कळते. अ‍ॅरिस्टॉटलने मधमाश्यांच्या पोळ्यात राजा पाहिला. चार्ल्स बटलरने १६०९ साली त्याला ‘स्त्रीराज्य’ ठरवले. मुंगीची राणी मात्र कोणाला आज्ञा देत नाही. अंडी घालणे हे तिचे काम, आणि त्या कामाशी ती इतरांइतकीच बांधलेली असते.

तिला जवळ ठेवू पाहणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की ही काही दिवसांची करमणूक नव्हे. जॉन लबक ह्यांनी १८७४ मध्ये पाळलेली एक राणी १८८८ पर्यंत जिवंत होती. हौसेचा व्यापार झाला म्हणजे काय होते, तेही अलीकडे दिसले आहे : २०२५ साली केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे नळ्यांत भरलेल्या सुमारे ५,००० राणी-मुंग्या सापडल्या, आणि न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख शिलिंग दंड केला. प्रत्येक राणी म्हणजे एक संभाव्य वसाहत. ती नेणे म्हणजे त्या भूमीतील पुढची कित्येक वर्षे नेणे. म्हणून संरक्षित वनांतून राणी उचलू नये, विकत घेऊ नये, आणि परमुलखातील जात आपल्या अंगणात सोडू नये. निरीक्षण संपल्यावर ती जेथे सापडली तेथेच, ओलसर मातीजवळ सोडावी.

आपल्या अध्यात्मपरंपरेने पिपीलिकामार्ग आणि विहंगममार्ग असे दोन मार्ग मानले : एक पावलापावलाने जाण्याचा, दुसरा एका झेपेचा. मुक्ताबाईंच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कूटात मुंगी आकाशात झेपावते, तेव्हा आपण तो विरोधाभास म्हणून वाचतो, आणि त्यातील पारमार्थिक आशय त्या असंभवावरच उभा आहे असे समजतो. मुंगी उडते, एवढे त्यात तरी असंभव काही नाही. असंभव पुढे सुरू होते, मुंगी सूर्याला गिळते तेथे. वास्तवाची हद्द कोठे संपते आणि कूट कोठे सुरू होते, हे ठरवण्यासाठी पावसाळ्यातल्या एका सकाळी ओसरीवरील ती एकटी मुंगी पायाखाली न चिरडता वाकून पाहावी, एवढे पुरेसे आहे.