गाडी का पळाली, का थांबली? उत्तर मुलांच्याच हातात

बेलवलीहून बदलापूर स्थानक गाठून लोकलने जाणाऱ्या मुलांना एक अनुभव नेहमीचा असतो. गाडी सुटली की अंग मागे रेलते, ब्रेक लागला की पुढे झुकते. बालभारतीच्या पुस्तकात मात्र ‘गती व गतीचे प्रकार’ हा धडा सहावीत भेटतो. मग व्याख्या पाठ होते, पण ढकललेली गाडी थांबते का, हे सांगता येत नाही. हे टाळायचे तर लहान वयातच मुलांना स्वतः गाडी बनवू द्यावी.

काय लागते?
पुठ्ठा, बाटलीची चार झाकणे, स्ट्रॉ आणि स्ट्रॉमध्ये सैल फिरतील अशा दोन काड्या. झाकणांना मधोमध भोक मोठ्यांनी पाडून द्यावे. पुठ्ठ्याखाली स्ट्रॉचे दोन तुकडे चिकटवून त्यांतून काड्या ओवाव्यात आणि टोकांना झाकणे घट्ट बसवावीत.

काय करून पाहाल?
• उतार : फळीखाली आधी एक, मग तीन पुस्तके ठेवा. उतार वाढला की गाडी जास्त लांब जाते.
• घर्षण : तीच गाडी फरशीवर आणि चादरीवर सोडा. ‘गाडीतली ताकद संपली’ असे मुले म्हणतात. चादरीवर ती लवकर थांबली की अडवणारे काहीतरी बाहेर आहे, हे त्यांना दिसते.
• जडत्व : गाडीवर छोटी बाहुली ठेवून गाडी भिंतीवर आदळू द्या. गाडी थांबते, बाहुली पुढे पडते. लोकलमध्ये घडते ते हेच.
• फुगा : गाडीवर फुगवलेला फुगा लावा. हवा मागे सुटते, गाडी पुढे जाते. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला गतीचा तिसरा नियम तो हाच.

मोठ्यांनी काय करावे?
गाडी सोडण्याआधी ‘काय होईल?’ एवढेच विचारावे. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यावी. चाक अडकले तर लगेच दुरुस्त करून देऊ नये. ते का अडले, हे शोधण्यातच खरे शिक्षण आहे. फुगा आणि झाकणे मुले तोंडात घालणार नाहीत, याकडे मात्र लक्ष हवे.

हे नवे आहे का?
नाही. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवण्यात आयुष्य घालवले. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके आणि व्हिडिओ मोफत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

महागडे किट नसले तरी चालेल. रद्दीतला पुठ्ठा आणि रविवारचा एक तास पुरेसा आहे.